एर्मेलिंदाच्या गच्चीवरची वेल

फोन वाजला तेव्हा ओतिलियाच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तिला धड 'हॅलो'ही म्हणता आलं नाही. पलीकडून एक बाई म्हणाली, "फूल आलंय." मग जरा दम घेऊन म्हणाली, "दोन आलीत. माझ्या बोटांनी होत नाहीये. दुपारपर्यंत मिटतील." पत्ता सांगितला आणि फोन ठेवला. नाव सांगितलं नाही, कशी आहेस विचारलं नाही. ओतिलियाने तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या आणि समोरच्या पांढऱ्या झग्याकडे बघत राहिली. पोसा रिका शहराच्या बाजारात तिचा शिवणाचा गाळा होता, जेमतेम एक मशीन आणि एक माणूस मावेल एवढा. आत्ता तिथे एका नवऱ्या मुलीचा झगा कमरेत उसवून पडला होता. तिला वाटलं आपण पुन्हा टाचणी उचलू आणि काम पुढे चालू करू. पण बोटं जागची हलेनात. बाईचा आवाज ओळखीचा नव्हता, म्हातारा झाला होता, आणि तरीही पहिल्या शब्दालाच तिला कळलं होतं की ही एर्मे, आपली थोरली बहीण. एकोणीस वर्षांनी फोन केला आणि म्हणते काय, तर फूल आलंय.

"कोण मेलं?" शेजारच्या गाळ्यातून चाबेलाने विचारलं. ती तव्यावर मक्याच्या जाड भाकऱ्या भाजत होती. ओतिलियाच्या मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी तिने मांडीवर घेतलं होतं, तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रेच म्हणत.

"कुणी नाही. बहिणीचा फोन होता."

"तुला बहीण आहे?" चाबेलाचा उलथनं धरलेला हात वरच राहिला. "इतकी वर्षं तुझ्या उशाला बसून भाकऱ्या थापतेय आणि मला हे आज कळतंय? उद्या सांगशील, कोमाद्रे, की नवराही जिवंत आहे."

"मला जायला हवं. दुपारच्या आत."

"आणि हा झगा? शनिवारी लग्न आहे त्या पोरीचं. ती रडत इथे माझ्या तव्यावर येऊन बसेल."

"आल्यावर करते," ओतिलिया म्हणाली आणि पदपथावर आल्यावर तिच्या लक्षात आलं, की मापाची फीत अजून गळ्यातच आहे.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. शहराच्या कडेला तेलाच्या विहिरींचा वायू जळत होता. ती ज्वाला दिवसाउजेडी फिकी दिसते, पण लहानपणी त्यांच्या टेकडीवरून रात्री आभाळाचा तो कोपरा तांबडा दिसायचा आणि आई म्हणायची, तिथे राहणाऱ्या लोकांना झोप कशी येत असेल? आता त्या लोकांतली एक आपणच, आणि झोप येते. फक्त एप्रिलमध्ये येत नाही. एप्रिलमध्ये अजून तिला पहाटे जाग येते, कुणी हाक मारल्याशिवाय. आधी काही क्षण अंथरुणात पाय शोधत राहतात, रबरी बूट कुठे काढले होते ते. मग आठवतं, की बूट नाहीत, ओलं रान नाही, आता उठून कुठे जायचं नाही. स्वतःचाच तिला राग आला. एक शब्द कानावर पडला आणि उसवलेलं काम टाकून उठलो. जिने आईची बाग मारली तिच्या घरी निघालो, तेही धावत. पुढच्या थांब्याला उतरून परत जावं असं तिने ठरवलं आणि तो थांबा आला तेव्हा ती बसून राहिली.

आईचं नाव निकोलासा. पापांत्लाच्या पलीकडे टेकडीच्या उतारावर तिचा तुकडा होता, वर मोठ्या झाडांची सावली आणि खाली आधाराच्या झाडांवर चढलेल्या व्हॅनिलाच्या वेली. वेल म्हणजे हिरवा जाड दोर, बोट लावलं तर गार लागणारा. फुलं पिवळसर हिरवी, दिसायला काही विशेष नाही, वासही बेताचा. परगावचा माणूस फूल हुंगून निराश व्हायचा. सुगंध नंतरचा, शेंगा उन्हात आणि घोंगड्यांत महिनोन् महिने मुरल्यावरचा. फूल उघडतं पहाटे आणि ऊन चढलं की मिटतं, तेवढ्यात हाताने त्याचे पराग आतल्या चिकट जागेवर दाबले तर शेंग धरते, नाहीतर दुसऱ्या दिवशी फूल देठातून गळून पडतं. गावात या कामाला फुलं जुळवणं म्हणत. आई संत्र्याच्या काट्याने ओठासारखी खालची पाकळी चिरायची, आतला नाजूक पडदा उचलायची आणि अंगठा दाबायची. झालं. बघणाऱ्याला वाटायचं, तिने नुसतं गाल चिमटीत धरून सोडला. पोरींना शिकवताना ती ओरडली नाही कधी, फक्त एका बाबतीत कडक होती. घोसात वीसेक कळ्या असतात, त्यांतली खालची मोजकी फुलं जुळवायची आणि बाकीच्या कळ्या खुडून टाकायच्या. सगळ्या ठेवल्या तर वेल शेंगा पोसता पोसता स्वतः वाळते. खुडलेली प्रत्येक कळी तळहातावर घेऊन ती तिच्याशी दोन शब्द बोलायची, "तू पुढच्या वर्षी ये गं." आई पोरींशी आणि बाजारात स्पॅनिश बोले, शाळेतल्या बाईंनी तसं बजावलं होतं. पण कळ्यांशी आणि देवाशी तिच्या लोकांची तोतोनाकच. एप्रिलभर टेकडीवर सकाळी तो एकच आवाज असायचा, या झाडाखालून त्या झाडाखाली जाणारा, ये गं, पुढच्या वर्षी ये. एर्मे आणि ती दोघी त्याची नक्कल करून हसायच्या. जेवताना ताटातली शेवटची भाकरी उचलून एर्मे म्हणायची, "तू पुढच्या वर्षी ये गं," आणि ती भाकरी आपल्या घशात टाकायची. ओतिलिया त्यावर रडायची, मग एर्मे तिला अर्धी द्यायची. आज बसमध्ये हे आठवून तिला हसू आलं आणि ते हसू तिने आवळून धरलं.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या वर्षी दोघींची लग्नं होऊन पोरं झाली होती, दोघी पोसा रिकाला. आई एकटीच असायची, म्हणून फुलांच्या दिवसांत पाळी लावली, एक आठवडा ही, एक आठवडा ती. आई म्हणे, तुम्ही झोपा, शहरात कुठे झोप मिळते तुम्हाला, आणि स्वतःच पहाटे वर जायची. मग जूनमध्ये आई एकदम अंथरुणाला खिळली आणि दोघी एकाच वेळी गावी आल्या. ओतिलिया बागेत गेली. एकेका घोसाला शेंगांचा नुसता गठ्ठा, हिरव्या, दाटीवाटीने, एकीला लोंबायला जागा नाही. एकही कळी खुडलेली नव्हती. सबंध उतारावर, प्रत्येक वेलीवर तेच. आपल्या आठवड्यात ती आईच्या सांगण्यावरून झोपली होती, घर आवरत होती, मुलाचे लंगोट धूत होती. आई असं करणं शक्यच नव्हतं. म्हणजे हे दुसऱ्या आठवड्यांत झालं. म्हणजे एर्मेने केलं. एर्मेला लहानपणापासून सगळंच हवं असायचं, शेवटची भाकरीसुद्धा. ती तशीच आईच्या खोलीत गेली आणि बोलली, आणि एर्मे तिच्याहून मोठ्याने बोलली, "मी? मी केलं? तूच केलंस ते, गाळा घ्यायचा होता ना तुला बाजारात!" आईच्या अंथरुणाच्या दोन बाजूंना उभं राहून दोघी भांडल्या. आई मधे होती. ती एक शब्द बोलली नाही. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तशीच पडून राहिली. ते फिरवलेलं तोंड ओतिलियाला विसरता येत नव्हतं. आईला आपली किळस आली, दोन्ही पोरींची, हव्यास बघून. असं तिने इतकी वर्षं धरून ठेवलं होतं, आणि त्याचा राग एर्मेवर काढला होता, कारण आईवर काढता येत नव्हता. पावसाळ्यात आई गेली. डिसेंबरात शेंगा निघाल्या, बारीक, हलक्या. पुढच्या उन्हाळ्यात वेली खालून पिवळ्या पडत गेल्या आणि झाडांवरून दोरासारख्या गळून खाली आल्या. तुकडा विकला, तिथे आता दुसऱ्या कुणाची संत्री आहेत. दोघी एकाच शहरात राहिल्या, बसच्या दोन फाट्यांवर, आणि मृतांच्या दिवशी गावच्या दफनभूमीत एक सकाळी जायची, एक संध्याकाळी.

एर्मेलिंदा दारातच उभी होती. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला. ओतिलियाच्या मनात आलं, या वयात नटणं सुटलं नाही हिचं. वाळली होती खूप. "वर चल," ती म्हणाली, "मिठ्या नंतर मारू. मारायच्या असतील तर." गच्चीवर जिन्याशेजारी हिरवी जाळी बांधली होती, तिच्याखाली रंगाच्या जुन्या डब्यात नारळाच्या काथ्याने गुंडाळलेला एक वासा, आणि त्यावर वेल. वर जाऊन खाली वळलेली, पुन्हा वर चढलेली, जाड, निरोगी. ओतिलियाने तिला बोट लावून बघितलं.

"आईची?"

"मग काय दुकानातली? पुरायला गेलो होतो तेव्हा येताना हातभर तुकडा तोडून पिशवीत टाकला. घरं बदलली, डबा बरोबर. रूबेन म्हणायचा, आई, या दोरीला कपडे तरी वाळत घाल. इतक्या वर्षांत एक कळी नाही. आणि या मार्चला बघ."

"मला म्हणाली नाहीस."

"तू बोलत होतीस का माझ्याशी?"

एर्मेने बांबूची तासलेली काडी पुढे केली. ती देताना तिच्या बोटांतून निसटली, तिने उचलली, पुन्हा निसटली. "सांधे धरलेत," ती म्हणाली. "पकडलंय का नाही तेच कळत नाही बोटांना. पहिली दोन फुलं फाडून टाकली मी काल." ओतिलियाने काडी घेतली. तिला वाटत होतं आपण विसरलो असू. डाव्या हाताने फूल मागून धरलं, पाकळी चिरली, पडदा उचलला, अंगठा दाबला, आणि अंगठ्याला तो बारीकसा चिकटपणा लागला. दुसरं फूल तिने मुद्दाम सावकाश केलं. एर्मे उलट्या घातलेल्या बादलीवर बसून तिच्या हातांकडे बघत होती, भुकेलं माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं तसं.

"अंगठा आईसारखा दाबतेस," ती म्हणाली. "उद्या ये. उद्या तीन उघडतील."

मग रोज सकाळी पहिल्या बसने जाणं आणि नऊपर्यंत गाळ्यावर परतणं सुरू झालं. चाबेला म्हणे, "बहीणबिहीण काही नाही, कोमाद्रे, तू कुणा रंडक्या तेलवाल्याला गाठलं आहेस. अत्तराचा वास येतो का बघू." ओतिलिया बोटं पुढे करी. वास कसलाच नसे. मागच्याबद्दल दोघी बहिणी बोलत नव्हत्या. एर्मे कॉफी करून ठेवी, स्वतः पीत नसे. पाव समोर ठेवी, स्वतः खात नसे. ओतिलियाच्या ते लक्षात येई आणि ती लक्षात येऊ देत नसे. जुळवलेली फुलं गळली नाहीत. सुकून शेंगेच्या टोकाला चिकटून राहिली आणि मागचा देठ दिवसागणिक लांबत गेला. एर्मे रोज त्यांच्यावरून बोट फिरवायची, "कळत नाही मला," म्हणायची, "पण दिसतंय." एकदा ओतिलियाने विचारलं, या उकाड्यात रुमाल कशाला, तर म्हणाली, केस पांढरे झालेत, तुझ्यासमोर लाज वाटते. ओतिलियाला ते पटलं, कारण तिला ते पटवून घ्यायचं होतं. तिला या सकाळी हव्या होत्या. आयुष्यात इतक्या उशिरा असं काही सुरू झालं होतं आणि त्यावर तिला एकही प्रश्न नको होता.

खालचा घोस भरला त्या दिवशी तिने काडी खिशात ठेवली आणि सहज, सवयीने, उरलेल्या कळ्या खुडायला हात नेला.

"खुडू नकोस," एर्मे म्हणाली.

"भरलाय घोस. डब्यातल्या वेलीला एवढ्याही जास्त आहेत."

"असू दे. सगळ्या उघडू दे. तू सगळी जुळव. वरच्या घोसांचीही."

ओतिलियाचा हात तिथेच थांबला. इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. "अजून खोड गेली नाही तुझी," ती म्हणाली. "एक बाग मारलीस, पोट भरलं नाही? हा एक तुकडा उरलाय आईचा, तोही..."

"मी नाही मारली."

"मग कुणी मारली? मी?"

"इतकी वर्षं मलाही तसंच वाटत होतं, की तू," एर्मे म्हणाली. तिने रुमालाची गाठ सोडली. आत केस नव्हते, पांढरे नाहीत, काळे नाहीत, कुठलेच नाहीत. "मला डिसेंबर दिसायचा नाही, ओती. पोटात गाठ आहे. डॉक्टरने जानेवारीत सांगितलं, औषध केलं, त्यानेच बोटं गेली. आता औषधही बंद केलंय. मग मार्चमध्ये कळ्या आल्या. मी इथेच उभी होते आणि मनात पहिली गोष्ट काय आली सांगू? एकही सोडायची नाही. पुढचं वर्ष कुणी बघितलंय? वेल राहील का मरेल, मला काय त्याचं, मी नसणार. आत्ता जेवढं निघेल तेवढं पोरासाठी काढून ठेवावं. आणि असं मनात आलं मात्र, मी मटकन खालीच बसले. या डब्याशेजारी. तू केलं नव्हतंस, ओती. मीही नाही."

ओतिलियाच्या डोळ्यांसमोर टेकडी आली, त्या वर्षीची, पहाटेची. ती मुलाला कुशीत घेऊन अंथरुणात पडली आहे, आई बूट घालून गेली आहे, धुकं आहे, वरून पाण्याचे थेंब पडताहेत, आणि काहीतरी नाही. तेव्हाही तिला वाटलं होतं की काहीतरी नाही, मग मूल रडलं होतं आणि ती ते विसरली होती. आवाज नव्हता. त्या एप्रिलमध्ये सबंध उतारावर एकदाही कुणी म्हणालं नव्हतं, तू पुढच्या वर्षी ये. आणि फेब्रुवारीत आई एकटी बसने पापांत्लाला दवाखान्यात जाऊन आली होती, डोळे तपासले म्हणाली होती, चष्मा मात्र आणला नव्हता. आपण फार दिवस नाही हे तिला तेव्हाच ठाऊक होतं. मग आयुष्यभर जी एक गोष्ट करू नका म्हणून सांगितली ती तिने रोज पहाटे पोरींना झोपवून जाऊन केली, एकेक घोस, एकेक कळी, पोरींना काहीतरी उरावं म्हणून. आणि पोरी तिच्या अंथरुणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींना चोर म्हणाल्या. तिने तोंड फिरवलं ते किळस येऊन नव्हे. तिला लाज वाटली होती. एक वाक्य तिला बोलता आलं नाही, आणि ते ती बोलली असती तर एकोणीस वर्षं... ओतिलियाला आईचा राग आला, जन्मात पहिल्यांदा. ती एर्मेच्या पायाशी जमिनीवर बसली आणि रडली, आईसाठी आणि एर्मेसाठी, आणि कुणासाठी किती ते तिला वेगळं करता येत नव्हतं. एर्मेचा हात तिच्या डोक्यावर होता. बोटांना काही कळत नसलं तरी तो हात बरोबर जागी पडला होता.

"म्हणून फोन केला," एर्मे म्हणाली. "फूल काय, रूबेननेही फाडून टाकलं असतं माझ्यासारखंच. आता ऐक. तू सगळी जुळव. त्या पोराला व्हॅनिला आणि चवळीतला फरक कळत नाही. शेंगा तुला होतील. आई कशी उन्हात घालायची, घोंगडीत गुंडाळायची, ते तुला येतं. घरभर वास येईल. माझं म्हणून तुझ्याकडे काहीतरी राहील."

"मला शेंगा नकोत."

"वेडेपणा करू नकोस."

"तिनेही हेच केलं ना, एर्मे! हेच म्हणून केलं. काय राहिलं आपल्याला? भांडण राहिलं. शेंगा काय, विकल्या आणि संपल्या." ओतिलियाने नाक मापाच्या फितीच्या टोकाला पुसलं, ती आजही गळ्यातच होती. "मला वेल हवी. जिवंत हवी. शिडी लावून चढावं लागलं पाहिजे मला, म्हातारपणी, अशी हवी."

एर्मेलिंदाने वेलीकडे बघितलं. ऊन जाळीवर आलं होतं आणि खाली रस्त्यावर गॅसच्या टाक्या विकणारा ओरडत चालला होता. "पडशील शिडीवरून," ती म्हणाली. "लहानपणीही पडायचीस." मग तिने मान हलवली, हो अशी.

ओतिलिया उठली. घोसाच्या टोकाची पहिली कळी तिने नखाने खुडली आणि तळहातावर घेतली. शब्द तिच्या तोंडाशी आले होते, आईचे, तोतोनाकमधले. शहरात आल्यापासून तिने ते उच्चारले नव्हते, तरी ते आले होते. पण पुढच्या वर्षी असं म्हणायचं कसं, समोर ही बसलेली असताना? तिने ओठ मिटून घेतले, मान खाली घातली आणि हात पुढे केला. कळी एर्मेच्या मांडीवर ठेवली.

एर्मेने ती दोन्ही तळव्यांत घेतली, चिमटीत धरता येत नव्हती म्हणून. "तू पुढच्या वर्षी ये गं," ती म्हणाली, आईच्या भाषेत, आईच्या हेलात. ओतिलियाने दुसरी खुडली. "तू पुढच्या वर्षी ये." तिसरी. चौथी. पहिला घोस झाला, दुसरा झाला. आवाज मधे बसत होता, पण ती एकही कळी तशीच जाऊ देत नव्हती. मांडीवर हिरवा ढीग झाला. शेवटची कळी सगळ्यांत बारीक होती, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. ती एर्मेलिंदाने तळव्यावर घेतली.

"तूही ये गं," ती म्हणाली. "ओती असेल."